चाळिसाव्या दिवसाचं सूप

होझुव, ९ जून १९९६

चि. तेओफिल,

पोलाकाकूचा आशीर्वाद. ओळखलंस ना? चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात खाणीच्या क्लबात तुम्हा आकाशवेड्या पोरांची पुस्तकं प्रती काढायच्या मेणकागदावर टंकून द्यायची, ती. तुझा गदिन्याचा पत्ता क्लबातल्या माणसानं दिला. अक्षराला हसू नकोस. चार इयत्ता शिकलेली मी. यंत्रावर बोटं नाचतात, पण हातात पेन आलं की रुसतात.

तर झालं काय, यागोदानं, माझ्या नातीनं, मला कातोवित्सेला तुम्हा आकाशवेड्यांच्या मेळाव्याला नेलं. एकोणीस वर्षांची घोडी झालीय आता. मेळावा एका शाळेत होता. अरे, तीनशे माणसं वर्गांच्या फरशीवर पिशव्यांत झोपलेली! मोज्यांचा वास असा, की आंबट कोबीच्या पिंपात उंदीर मरावा. एक जण पाकिटातल्या शेवया कोरड्याच कडाकडा चावत होता आणि मसाला तळहातावर घेऊन चाटत होता. अंगभर हिरवा रंग फासलेला एक बाप्या मला विचारतो, "आजी, मोरी कुठं?" आणि मी टेकले त्या बाकाला त्याचा रंग! माझा चांगला कोट गेला. शी शी म्हणत तिन्ही दिवस राहिले. इतकी मजा मला माझा नवरा अलोइझी गेल्यापासून आली नव्हती.

आणि काय सांगू, जो तो एकमेकाला भेटला की म्हणतो, "बरणीला खाऊ घातलंस का?" आणि दुसरा म्हणतो, "घातलं, अजून जिवंत आहे." दाढीवाले बाप्ये! तुमच्या 'निमूट जहाज' पुस्तकातलं ते. आचारी ओर्लो पाण्याच्या टाकीमागं आंबवणाची बरणी लपवतो, रोज तिला चमचाभर पीठ भरवतो, तिच्याशी गप्पा मारतो, ते. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

शेवटच्या दिवशी ती ज्ञानाची स्पर्धा. तुमच्या वेळेसारखीच रे, कुठल्या ग्रहाला किती चंद्र, कुठल्या कप्तानाला किती बोटं. यागोदाला सगळं येतं. दोघं उरले, ती आणि एक चष्मेवाला. प्रश्न विचारायला हुबर्ट म्हणून एक गुळगुळीत तरुण. 'निमूट जहाज'चा नवा अनुवाद त्याचाच, गेल्या महिन्यात छापून आलाय, रीतसर परवानगीनं.

"चाळिसाव्या दिवशी ओर्लोनं जहाजावरच्यांना काय वाढलं?"

यागोदा हसली. "हे काय विचारणं झालं? झुरेक, आंबट सूप. बरणीतल्या आंबवणाचं."

"चूक."

"चूक कसं? सात वेळा वाचलंय मी पुस्तक!"

"कुठलं पुस्तक वाचलंत कोण जाणे. बरोबर उत्तर: मेलेल्या वाटाड्याची लापशी. त्याला त्यांनी हौदात टाकला होता, जहाजावरच्या बाकीच्या घाणीबरोबर. पान एकशे बारा."

आणि मग त्यानं ते पान मोठ्यानं वाचलं, तेओफिल. हौदावर धरलेली साय, तीत अडकलेलं नख, सगळं. पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात धरून बाहेर पळाली. माझ्या घशाशी सकाळचं अंडं आलं. अन्नाबद्दल असं लिहिणाऱ्याच्या आईनं त्याला काय भरवलं असेल?

मग गोंधळ. पिकल्या दाढ्यांचे सगळे ओरडले, बरणी खरी! पोरंटोरं ओरडली, बरणी खोटी! त्यातच कुणीतरी म्हणालं, "ही पोरगी न वाचताच बोलते. ऐकीव माहिती." क्लबच्या चमूतनं तिचं नाव काढलं. माझ्या यागोदाचं!

तेव्हा तू असं कर. दोन ओळी लिही त्यांना. 'जुना अनुवाद माझा, सूपही माझंच.' झालं, मिटलं. तुझं काय जातंय?

तुझी
पोलाकाकू


गदिन्या, २१ जून १९९६

ती. पोलाकाकू,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पाहून आनंद झाला, वाचून झाला नाही.

त्या दोन ओळी मी लिहिणार नाही. आकाशवेड्यांच्या मासिकाचा जूनचा अंक तुम्ही पाहिलेला दिसत नाही. त्यात हुबर्टनं चार पानं खरडली आहेत. 'कुणी एका सूपवाल्यानं एका थोर कादंबरीत कलथा घातला' हे त्यातलं सर्वांत सभ्य वाक्य. तेव्हापासून इथे बंदरावर माझ्याच कचेरीतले लोक माझ्या टेबलावर रिकाम्या बरण्या आणून ठेवतात. काल एकीत मेलेली माशी होती आणि चिठ्ठी: 'भूक लागलीय.' मला बरणी या शब्दाचीच शिसारी आली आहे.

काकू, मी इमानानं अनुवाद केला होता. सव्विसाव्या वर्षी, फाटक्या शब्दकोशावरून, खाणीतली पाळी संपवून. नववं प्रकरण लिहिताना मलाही मळमळत होतं, पण एक शब्द गाळला नाही. लेखकाला किळसच आणायची होती. माणूस कुठवर घसरतो ते दाखवायला त्यानं तो हौद बांधला, आणि कुणीतरी त्यावर झाकण ठेवून चूल मांडली! गोड गोड, मायाळू, घरगुती. किळस म्हणतात ती मला याची येते.

नोव्हेंबरच्या मेळाव्यात माझ्यावर खटला भरवणार आहेत. काळे झगे, लाकडी हातोडा, फिर्यादी हुबर्ट. पोरखेळच, पण त्या पोरखेळात माझं नाव जाणार. एकच गोष्ट मला वाचवेल. माझी हिरवी वही तुमच्याकडेच राहिली होती. तीत माझ्या हातचं नववं प्रकरण आहे, हौदासकट. ती पाठवा. मग कळेल की सूप माझं नाही. कुणाचं, हे मला ठाऊक नाही.

तुमचा
तेओफिल


होझुव, २ जुलै १९९६

चि. तेओफिल,

आशीर्वाद. माशीचं वाचून वाईट वाटलं. माशी काढून बरण्या धुऊन ठेव, काकडी घालायला होतात.

वही म्हणतोस? कुठली, हिरवी की निळी? एकोणनव्वदला तळघरात पाणी शिरलं तेव्हा काय काय वाहून गेलं बाई. अलोइझीचे बूट गेले, नाताळचा चांदण्यांचा डबा गेला. काही कागद चुलीतही गेले असतील. आठवत नाही. बासष्टची झाले मी.

तो हिवाळा मात्र आठवतो. क्लबात कोळसा नव्हता म्हणून यंत्र माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतंत. एका बाजूला मी, एका बाजूला बटाट्याची टोपली. मेणकागद मोजून मिळायचे, त्यातला एक फाटला की क्लबचा प्रमुख असा बघायचा की जणू मी त्याची गाय मारली. चुकलं की तो गुलाबी रंग लावायचा, वाळेस्तोवर फुंकायचं, मग वरनं पुन्हा टंकायचं. त्या रंगाचा वास नखं रंगवायच्या बाटलीसारखा, तीन दिवस भाकरीला यायचा. अलोइझी म्हणायचा, "पोला, आज जेवायला नखं का?" एवढं सगळं करून मुखपृष्ठावर शिक्का काय, तर 'फक्त सभासदांसाठी', आणि वाचायचं आख्ख्या सिलेसियानं!

चंद्र, धूमकेतू, दोन डोक्यांचा राजदूत, सगळं मी आवडीनं टंकलं. मला ती पुस्तकं फार आवडायची, तुला सांगते. पण त्या हौदाचं पान आलं आणि मी तीनदा मोरीशी गेले. तीनदा! अलोइझीला वाटलं, या वयात काय हे!

बरं, यागोदाचं ऐक. ती तुझी वकील होणार आहे. खरंच. स्वतःहून नाव दिलंय. म्हणते, "तेओफिलसाहेब खोटं करणारा माणूस नाही, आजी. नव्या छापखान्यानंच बरणी काढून टाकली असणार, लोकांना रक्त आवडतं म्हणून." भिंतीवर कागद लावलाय, बाण काढलेत, तारखा लिहिल्यात. ती नऊ वर्षांची असताना कांजिण्या आल्या होत्या ना, तेव्हा तिला अंग खाजवू न देता मी हेच प्रकरण वाचून दाखवायचे. तिला पाठ आहे. ती म्हणते, त्या पुस्तकामुळे मी पुस्तकं वाचायला लागले.

आता मी तिला काय सांगू? म्हणजे, कुणी काय सांगावं? म्हणून म्हणते, सूप तुझं म्हण की रे. लोकांना आवडलंय. आवडलेल्या गोष्टीला कशाला बाप नको म्हणतोस?

पोलाकाकू


गदिन्या, १९ जुलै १९९६

ती. पोलाकाकू,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पाच वेळा वाचली. 'त्या हौदाचं पान आलं आणि मी तीनदा मोरीशी गेले.'

म्हणजे हौदाचं पान तुमच्या यंत्रापर्यंत पोचलं होतं. आणि यंत्रातून बाहेर आलं ते सूप. मधे टेबलाशी कोण बसलं होतं हे समजायला इंजिनियर असावं लागत नाही.

हुबर्टच्या लेखाला मी उत्तर पाठवलं आहे. तुमचं नाव घातलेलं नाही. वही पाठवा.

तेओफिल


होझुव, ८ सप्टेंबर १९९६

तेओफिल,

दीड महिना मी पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पोस्टमननं हातात धरलं नसतं.

नाव घातलं नाहीस, खरंच. काय घातलंस ते यागोदानं वाचून दाखवलं. रविवार होता, मी झुरेक वाढत होते. तिनं मासिक उघडलं आणि खुशीत म्हणाली, "आजी, साहेबांचं उत्तर आलं!" आणि वाचायला लागली. 'हा भ्रष्टाचार एका अर्धशिक्षित टंकलेखिकेचा असून साहित्य आणि स्वयंपाक यांतला फरक तिला कळत नसावा.'

तिनं मासिक खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजी, तेव्हा टंकायला कोण होतं?"

मी म्हटलं, "जेव आधी, निवतंय."

"कोण होतं?"

"मीच. आणि कोण असणार? बाकीच्यांना दोन बोटांनी टंकता यायचं."

"म्हणजे बरणी..."

"माझी."

"कांजिण्यांत वाचून दाखवलीस ती?"

"तीच."

"आणि मी भर सभेत सात वेळा वाचलंय म्हणून ओरडले, तेव्हा तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस!"

बसले होते. तिनं वाडगा लांब सरकवला. माझ्या हातचं झुरेक आजपर्यंत कुणी सरकवलं नव्हतं, तेओफिल. म्हणाली, "मला हे बघवत नाही," आणि तिच्या मैत्रिणीकडे राहायला गेली. अकरा दिवस तिकडेच होती. आली, पण अजून माझ्याकडचं सूप खात नाही. पाव खाते, कोरडा. समोर बसून खाते, म्हणजे मला दिसावं.

तेव्हा आता सगळं लिहिते. होय, मी केलं. चौतीस ओळी काढल्या आणि चौतीसच घातल्या, कारण ते पान टाळून पुढचा मेणकागद आधीच टंकून झाला होता आणि दुसरा मिळणार नव्हता. झुरेक चौतीस ओळींत बसवणं सोपं नाही, करून बघ. पुढं तो मेलेला वाटाड्या आणखी दोनदा येतो, तिथं गुलाबी रंग लावून 'त्याला आकाशात सोडलं' केलं.

का, ते ऐक. पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत आम्हाला पूर्वेकडनं मालगाडीत घालून इकडं आणलं. अकरा वर्षांची मी. एकवीस दिवस. गाडी रुळांवर नुसती उभी असायची. डब्यात एक म्हातारा होता, चांभार. तो गेला. बर्फात दार उघडत नव्हतं म्हणून दोन दिवस आमच्यातच होता. आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या कोपऱ्यातला एक बाप्या त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागला, ती मी बघितली. आईनंही बघितली. आईनं कोटाच्या आत पोटाशी बांधलेली बरणी काढली. काळ्या पावाच्या पिठाचं आंबवण, आजीच्या आजीपासूनचं. नव्या घरी पहिला पाव त्याचा करायचा म्हणून तळाशी हात लावू दिला नव्हता कुणाला. डब्यातल्या शेगडीवर फटीतनं ओढलेलं बर्फ वितळवलं आणि सगळं ओतलं, तळाशी चमचाभर ठेवून. सगळ्यांना वाढलं. पहिल्यांदा त्या बाप्याला. म्हणाली, "खा रे, इकडे बघ, माझ्याकडे बघ."

तुझा थोर लेखक म्हणतो माणूस घसरतो. घसरतो की, मी बघितलंय. पण तो त्या डब्यात नव्हता, मी होते. त्याचं पान वाचलं तेव्हा त्या चांभाराचे पाय आठवले आणि मी ओकले. तुझ्यासाठी ते साहित्य होतं रे. मला त्याचा वास आला.

बरं, अर्धशिक्षित ते अर्धशिक्षित. पण अर्धं तरी वाचता येतं. म्हणून तुला एक वाचून दाखवते. माझ्या नावदिवसाला, म्हणजे माझ्या नावाच्या संत आपोलोनियाच्या सणाला, ९ फेब्रुवारी १९८६ ला, तू मला 'निमूट जहाज'ची प्रत पाठवली होतीस. पहिल्या पानावर तुझ्याच अक्षरात: 'पोलाकाकूंना, बरणीला खाऊ घालत राहा. तुमचा तेओफिल.'

तुला दहा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. आणि जूनमध्ये मला लिहितोस, 'कुणाचं, हे मला ठाऊक नाही.'

हौदाची मला एवढी किळस आली नव्हती.

पोला


गदिन्या, २० सप्टेंबर १९९६

ती. पोलाकाकू,

दहा नाही. बारा. प्रती निघाल्या त्याच आठवड्यापासून ठाऊक होतं.

पहिली प्रत हातात आल्यावर मी नववं प्रकरण उघडलं आणि भडकलो. तुमच्याकडे यायला निघालो होतो, खरंच. ट्रामच्या थांब्यावर एक मुलगी उभी होती, हातात तीच प्रत. रडत होती. मला म्हणाली, "तुम्ही हे वाचलंय का? हा आचारी बरणीशी बोलतो ते?" मी म्हणालो, "मी त्याचा अनुवादक." तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. ट्राम आली आणि गेली. ती मुलगी म्हणजे माझी बायको, इरेना.

त्यानंतर कधी सांगणार होतो? मेळाव्यात मला व्यासपीठावर बोलवायचे ते त्या प्रकरणासाठी. मी मान लववायचो. शंभर प्रतींवर 'बरणीला खाऊ घाला' लिहून सह्या केल्या. माझ्या बाकीच्या तीनशे पानांबद्दल मला कुणीही, कधीही एक शब्द विचारला नाही. तुमचा हेवा वाटायचा, मग तुमचा राग यायचा. आणि हुबर्टनं बोट दाखवलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, चला, आता तरी ते सूप दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं होऊ.

'अर्धशिक्षित' हा शब्द मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिला होता. तेवढं तुम्हाला कळावं. माझी मलाच ओकारी येते आहे.

खटल्याला मी येणार नाही. वही पाठवू नका.

तेओफिल


होझुव, २६ नोव्हेंबर १९९६

चि. तेओफिल,

आशीर्वाद. हो, पुन्हा चि. झालास. रागावून राहायला मला जमत नाही, पोटात वायू धरतो.

तू आला नाहीस, पण खटला झाला. तुझ्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी कलथा ठेवला होता. शाळा दुसरी, मोज्यांचा वास तोच. न्यायाधीशाच्या डोक्यावर कापसाचा टोप, तोही एका कानावर कलंडलेला. मी हसू दाबत होते, तर यागोदा उठली, काळ्या झग्यात, आणि म्हणाली, "बचाव पक्षाची एकच साक्षीदार. माझी आजी."

मला आधी काही सांगितलं नव्हतं! घरनं निघताना नुसतं म्हणाली होती, "चांगली ओढणी घे."

मी वर गेले. ती म्हणाली, "साक्ष द्यायची तर खरी द्यायची, आजी. चाळिसाव्या दिवशीचं सूप कुणी केलं?"

"मी."

अरे, त्या हिरव्या बाप्यानं तर (या खेपेला तो निळा होता) तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मी सगळं सांगितलं, चौतीस ओळींचं, मेणकागदाचं. मालगाडीचं नाही सांगितलं. ते फक्त तुला लिहिलंय आणि यागोदाला सांगितलंय.

मग हुबर्ट उठला. "आजीबाई, दुसऱ्याच्या पुस्तकात हात घालताना लाज नाही वाटली?"

"वाटली की. पण ओकारी जास्त आली."

सगळे हसले. तो नाही हसला. म्हणाला, "आली तर येऊ द्यायची. किंवा सूप घालायचं आणि खाली एक ओळ टंकायची, की हे मी घातलंय. म्हणजे तुमची नात भर सभेत खोटी पडली नसती."

मेला बरोबर बोलला. मी यागोदाकडे बघितलं आणि म्हटलं, "चुकलं माझं." इतक्या माणसांत पहिल्यांदा म्हटलं असेल. अलोइझीला तर चाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

निकाल ऐक. एक, यागोदाचं स्पर्धेतलं उत्तर चूकच. ते तिनं स्वतःच उठून मान्य केलं. "पुस्तकात वाटाड्याची लापशी आहे, मी हरले," म्हणाली, ताठ मानेनं. पण तिनं पुस्तक वाचलं होतं हे सिद्ध झालं, म्हणून चमूत परत. दोन, जुन्या जेवढ्या प्रती लोकांकडे आहेत, त्या प्रत्येकीत सुपाच्या पानावर चिठ्ठी डकवायची: 'हे सूप होझुवच्या आपोलोनिया यांचं. लेखकाचं पान मागे जोडलं आहे.' तीन, त्या चिठ्ठ्या आणि ते पान टंकायची शिक्षा मला. तीनशे वेळा! हौद, साय, नख, सगळं, इमानानं. आजवर बेचाळीस झाली. पहिल्या पाचांना मोरीशी गेले, आता नाही जात. हुबर्ट शनिवारी येऊन तपासतो. गुळगुळीत आहे, पण भांडी घासून जातो. त्याला एकदा सूप वाढलं, तर दोन घास खाऊन म्हणाला, "फार आंबट." चव नाही त्याला, ती वेगळी गोष्ट.

तुझं सांगते. तू सही केलेली ती प्रत यागोदाच्या पिशवीत होती. साक्ष संपताना तिनं माझ्याकडे बघितलं, काढू का म्हणून. मी नको म्हणून मान हलवली. दया आली म्हणून नाही, तसं समजू नकोस. ते तुझ्या तोंडचं वाक्य आहे, मी तुझं वाक्य कशाला बोलू? एकदा तुझ्या पानात माझं घातलं तेवढं बास. आधी इरेनाला सांग. मग मेळाव्याला ये, फेब्रुवारीत आहे, माझ्या नावदिवसाच्याच सुमारास.

आणि यागोदा. खटल्याहून आलो, मी चूल पेटवली, ती कोट न काढता टेबलाशी बसली. म्हटलं, "पाव देऊ का कोरडा?" म्हणाली, "जास्तच बोलतेस तू." आणि वाडगा पुढं केला. अर्धा खाल्ला. निम्मं टाकलं, पण वाडगा स्वतः धुतला.

सोबतच्या खोक्यात बरणी आहे. जपून काढ, भुशात आहे. तळाशी चमचाभर आंबवण, आईच्या बरणीतलंच. रोज दोन चमचे काळ्या पावाचं पीठ आणि कोमट पाणी. फार गरम नको, मरतं. बोललं नाहीस तरी चालतं, पण मी बोलते.

वही वाहून गेली नव्हती, तुला ते कळलंच असेल. माझ्या कपाटात, चादरींखाली होती. टंकायला हवी म्हणून ती आजवर माझ्याकडेच ठेवली, पण नवव्या प्रकरणातलं हौदाचं पान मी पाठ केलंय आता, म्हणून ते तेवढं फाडलंय. बरणीच्या तोंडाला दोऱ्यानं तेच बांधलंय. तुझंच अक्षर, कुठं एक शब्दही गाळलेला नाहीस, बघ. ओल लागून जरा पिवळं पडलं असेल. सूप तुझं नाही हे कुणाला दाखवायचं झालं तर दोरा सोडावा लागेल, आणि दोरा सोडलास की वास येईल. येऊ दे.

पोलाकाकू

ता.क. झाकायला दुसरा स्वच्छ कपडा घे. उघडी ठेवलीस तर माश्या येतात.